सहनशीलता आणि खारट बिबडे

पंधराव्या वर्षी मी भरल्या घरसभेत उभं राहून, दोन्ही वेण्या पुढे घेऊन, जाहीर केलं होतं की प्रभूच्या कृपेने माझ्यात सहनशीलतेचं फळ आलं आहे. पेरू आला, सीताफळ आलं म्हणतात ना, अगदी त्याच सुरात. लोक ‘आमेन’ म्हणाले. एका बाईंनी पदराने डोळे पुसले. मी खाली बसले ती अशा थाटात, की आता फक्त टोपली आणायची आणि तोडणी करायची तेवढं बाकी आहे. आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला. केस कुरळे करायला तापलेली सांडशी लावली, शेजारच्या बकरीला जुलाब होईपर्यंत द्राक्षं चारली. पण त्यात जळले ते माझे केस, आणि बकरी दुसऱ्या दिवशी बरी झाली. या मूर्खपणात मात्र एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती, आणि ते माणूस सभा चालू असताना पडद्याच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर पडलेलं होतं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या मंडळीचा महिला संघ. पुढच्या सभेत ताणाच्या दिवसांत ख्रिस्ती माणसाने आत्मिक फळ कसं द्यावं, यावर आजींनी बोलावं, असा निरोप आला. मी मानेने हो म्हटलं आणि मग खुर्चीत बसून एकटीच हसत सुटले. माझी नात रूथ म्हणाली, “आजी, काय झालं? औषध घेतलंस ना?” तिला सांगून टाकलं असतं, पण तिला स्वतःलाच इतका ताण आहे, कंपनीचा, लग्नाचा, गंगापूर रोडच्या ट्रॅफिकचा, की म्हटलं, आधी लिहून काढावं. बोलताना मी फाटे फोडते. लिहितानाही फोडते, पण कागद मध्येच उठून मोबाइल बघायला जात नाही.

तर त्या वर्षी आमच्या घराचं सगळंच बिघडलेलं होतं. बाबा सटाण्याच्या शाळेत मास्तर होते. बदलीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर झोपलेला होता, त्यामुळे ते शनिवारी संध्याकाळी यायचे, पिशवीतून वांगी आणि कांद्याची पात काढायचे, आणि रविवारी उपासना झाली की पुन्हा बसस्टँड गाठायचे. आई दवाखान्यात नर्स होती. तिच्या ड्युट्या अशा फिरत्या, की घरात ती आहे की नाही हे दारातल्या पांढऱ्या चपलांवरून ओळखायचं. आणि या सगळ्यात सगुणाआत्या आली. आली म्हणजे आणली. बाबांची मोठी बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच बाबांना वाढवलं, शिकवलं. लग्न केलं नाही. सटाण्याकडच्या एका मुलींच्या बोर्डिंगात तिने सारी उमर स्वयंपाक केला. तिची जीभ साऱ्या बागलाणात प्रसिद्ध होती, म्हणजे चव आणि तिखटपणा दोन्ही बाबतींत. एके सकाळी डाळीच्या पातेल्यासमोर ती जी खाली बसली, ती उठलीच नाही. उजवं अंग गेलं. आणि त्या अंगाबरोबर ती प्रसिद्ध जीभही गेली. “अं… अं…” एवढंच उरलं.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढची बसायची, आणि मागची चुलीची. त्या दोन्हींच्या मध्ये दार नव्हतं, आईच्या जुन्या फुलाफुलांच्या पातळाचा पडदा होता. मागच्या खोलीत परसाच्या दाराशी आत्याची लोखंडी खाट टाकली. मी सकाळच्या शाळेत, म्हणून दुपार माझ्याकडे. मला त्या दुपारचे आवाज अजून ऐकू येतात. स्टोव्हची घरघर, आत्याच्या डाव्या हाताच्या बांगडीची खाटेच्या नळीवर होणारी टकटक, म्हणजे काहीतरी हवं, आणि लांबून आमच्या ख्रिस्ती देवळाची घंटा. तिला चमच्याने घोटीच्या तांदळाची पेज भरवायची, तोंडाच्या उजव्या कडेने ती बाहेर आली की पुसायची. भांडं द्यायचं. कधी भांडं द्यायला उशीर झाला की चादर आणि खालचं रबरी कापड धुवायचं. बांगडीची टकटक सुरू झाली की बीजगणिताचं पुस्तक मी मिटायचे तेसुद्धा फाडकन, तिला ऐकू जाईल असं.

त्या दिवसांत उपवासकाळ लागला. गुड फ्रायडेच्या आधीचे ते आठवडे. आमच्या पाळकबाई, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांच्या पत्नी, आम्हा मुलींना रविवारच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी फळ्यावर एक झाड काढलं आणि त्याला आत्म्याची नऊ फळं लावली. प्रीती, आनंद, शांती, अशी ओळीने. म्हणाल्या, या उपवासकाळात प्रत्येकीने आपल्यात कोणतं फळ येतंय ते पाहा, आणि आलं की साक्ष द्या. आता, ज्यांना आमच्या मंडळ्यांची सवय नाही त्यांना सांगते, साक्ष देणं म्हणजे सभेत उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगणं. मला प्रीती हवी होती, पण ती पाळकबाईंच्या थोरलीने आधीच पटकावली. आनंद म्हणावा तर घरात कोणाचं तोंड हसरं नव्हतं. मी सहनशीलता घेतली. मनात म्हटलं, माझ्याकडे आत्या आहे. इतर मुलींना सहनशीलता कुठून मिळणार? त्यांच्या घरी तर सगळे धडधाकट!

मी तेव्हा फार चौकस होते. चौकस हा माझा शब्द. घरात दुसरा वापरत. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं की फळ येतं ते कुठे येतं. छातीत? हळूहळू येतं की सकाळी उठून बघितलं तर लटकलेलं? मी पाळकबाईंना विचारलं, “फळ आलं हे झाडाला स्वतःला कळतं का?” त्या म्हणाल्या, “बाळ, वचन पाठ झालं का तुझं?” मग मी स्वतःवरच प्रयोग केले. डास चावत असताना हात हलवायचा नाही. रेशनच्या रांगेत मागच्याला पुढे जाऊ द्यायचं. त्यात एकदा रॉकेल संपलं आणि आईने मला दोन धपाटे घातले, तेही मी सहन केले आणि खात्यावर जमा धरले. आत्याला भरवताना ओठ घट्ट मिटून, डोळे अर्धे झाकून, मनात गायन म्हणत राहायचे. देवळातल्या चित्रातली पवित्र बाई जशी दिसते तसा चेहरा करायचा मी प्रयत्न करत असे. आरशात करून बघितला होता. आत्या त्या चेहऱ्याकडे तिच्या एका सरळ आणि एका ओघळलेल्या डोळ्याने टक लावून बघत राहायची. मला वाटे, भारावली.

मग ती घरसभा. उपवासकाळात दर बुधवारी एकेकाच्या घरी असायची, त्या बुधवारी आमच्याकडे होती. आईची ड्युटी होती, बाबा सटाण्याला. घर मीच झाडलं, सतरंजी घातली, पडदा ओढून घेतला. आत डोकावले तर आत्याचे डोळे मिटलेले. बरं झालं, झोपली, असं म्हणून मी पुढे आले. गायन झालं, प्रार्थना झाली, आणि पाळकबाईंनी विचारलं, “कोणाला साक्ष द्यायचीय?” त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ही बया उभी.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर सोनं झालं असतं. मी म्हणाले, “प्रभूची स्तुती असो. माझ्या आत्याचं सगळं अंथरुणातच होतं. चादरी मी धुते. खूप वास येतो, पण मी नाक मुरडत नाही. घासभर पेज गिळायला ती अर्धा तास लावते आणि निम्मी अंगावर सांडते, पण मी रागावत नाही. लहान बाळाचं केलं तर बाळ मोठं तरी होतं. आत्याचं तसं काहीच होणार नाही, तरी मी करते. कारण प्रभूने मला सहनशीलतेचं फळ दिलं आहे.” आमेन, आमेन. पाळकसाहेब म्हणाले, “वा, पोरी!” मग चहा झाला, चिवडा झाला. एक बाई जाता जाता मला म्हणाल्या, “तुझ्या आईचं नशीब गं.” मी इतकी फुगले होते की पडद्यातून आत जाताना आडवं व्हावं लागलं नाही हेच नवल. आत आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. एका अंगाने तिने स्वतःला कसं वळवलं असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. एवढी चौकस मी, आणि नेमका तो पडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून एक चमत्कार घडायला लागला. बांगडीची टकटक बंद झाली. भांडं मागणं जवळजवळ थांबलं. चादर कोरडी. दोन चमचे पेज घेतली की आत्या तोंड मिटून घ्यायची. पाण्याचा पेला ओठाशी नेला की मान फिरवायची. मला धुणं उरलं नाही, दुपारभर बीजगणित करायला मिळालं. आणि आता हे लिहितानाही माझे कान गरम होतात, पण मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. म्हटलं, मी फळ दिलं, तर देवाने मला हलकं केलं. देवाण-घेवाण चोख.

शुक्रवारी आई दुपारी घरी आली, चपला काढल्या, आत्यापाशी बसली आणि तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी तशीच उभी राहिली, पापडाला पोपडा यावा तशी. आईने तिची जीभ पाहिली, कपाळ पाहिलं, खाटेखालचं कोरडं भांडं पाहिलं. तिचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला.

“ही पाणी पीत नाहीये. कधीपासून?”

“मी देते, तीच घेत नाही.”

“अंग तापलंय तिचं. अशीच राहिली तर मूत्रपिंडं बंद पडतील, विमल. मी वॉर्डात बघते ना रोज. मग सलाइन, मग नळ्या, आणि तिच्यात तेवढी ताकद नाही. हे माणूस आपल्याला राहणार नाही.” उशाचा भरलेला पेला आईने उचलून पाहिला. “पण का? गिळता येतंय तिला. परवापर्यंत पीत होती. कोणी काही बोललं का तिला?”

मी म्हणाले, नाही. मग म्हणाले, तिला नाही. मग सगळं सांगितलं, कारण आईसमोर गप्प राहण्याची कला मला कधीच जमली नाही. मी वाट बघत होते की ती ओरडेल.

“कुठे उभी होतीस तू?”

“तिथे. पडद्यापाशी.”

आईने पडद्याकडे बघितलं, खाटेकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, “तिला बोलता येत नाही गं. ऐकू येतं.” आणि उठून पदर खोचत म्हणाली, “उद्या सकाळपर्यंत पाणी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर मी तिला दवाखान्यात नेणार. घे आता तुझं ते फळ, आणि पाज तिला पाणी.”

आत्याने पाणी का सोडलं ते मला तेव्हा समजलं. प्यायलं की भांडं लागणार, भांडं लागलं की मी लागणार, आणि मी लागले की पुढच्या बुधवारी आणखी कोणाच्या तरी घरी आमेन. जिने शंभर पोरींची ताटं वाढली, तिने स्वतःचं तोंड बंद करून घेतलं होतं. मी तिच्या पायाशी बसून रडले. “आत्या, चुकले मी, माफ कर.” डोळे मिटलेले. मी चमच्याने पाणी घातलं, ते हनुवटीवरून मानेत ओघळलं. मी मोठ्यांदा प्रार्थना केली, तेव्हा तर तिने तोंडच भिंतीकडे केलं. बरोबरच आहे म्हणा. त्या आवाजाला ती विटली होती. आईनेही प्रयत्न केला, तिला कापसाच्या बोळ्याने दोन-चार थेंब जमले. शनिवार उजाडला. आईने शाळेला जाऊ नको म्हणून सांगितलं आणि ती दवाखान्यात खाटेची सोय बघायला गेली. दुपारी रिक्षा घेऊन येते म्हणाली.

चुलीच्या खोलीच्या कोपऱ्यात एक घमेलं झाकून ठेवलेलं होतं. त्यात ज्वारी भिजत होती. बाबांना बिबडे आवडत. बिबडे म्हणजे ज्वारीचे जाडसर, लसणाचे पापड. बागलाण-खानदेशाकडे उन्हाळा लागला की घरोघरी वाळत पडलेले असतात. आईने हौसेने ज्वारी भिजवली होती आणि मग तिला वेळच झाला नाही. त्याला आंबट वास सुटला होता. जाताना आई म्हणून गेली, “ते गाईपुढे टाकून दे.” मी घमेलं उचललं, परसात नेलं, आणि मला तो जुना किडा चावला. हे असं आंबलेलं धान्य, याचा पापड होतो तरी कसा? सांगते ते खरं आहे, माझ्या मनात आत्याला वाचवायची कोणतीही युक्ती नव्हती. महिला संघात सांगायला तशी गोष्ट फार शोभली असती. पण मला फक्त बघायचं होतं, आणि त्या खोलीत तिच्या पाठीकडे बघत बसण्यापेक्षा काहीतरी करायचं होतं.

परसातली चूल खाटेवरून सरळ दिसते हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मी पाट्यावर त्यातली निम्मी ज्वारी रगडली, गाळायची असते हे मला माहीत नव्हतं. चुलीवर पातेलं चढवलं, त्यात पाणी ओतलं, पाणी तापायच्या आधीच सगळं पीठ ढकललं. लसूण सोलायचा कंटाळा, म्हणून आख्ख्या पाकळ्या. मीठ टाकलं; टाकलं की नाही अशी शंका आली म्हणून आणखी टाकलं; मग डबा उलटा झाला. पिठाच्या गुठळ्या झाल्या, बोराएवढ्या. मी उलथन्याने त्या फोडत होते आणि पातेलं चुलीवर डगमगत होतं, तेवढ्यात टक! टक! टक! खाटेच्या नळीवर बांगडी. इतक्या जोरात की मला वाटलं फुटली.

मी वळून बघितलं. आत्याचं तोंड माझ्याकडे होतं. डावा डोळा एवढा मोठा. “अं! अं! आं…”

“काय गं आत्या? भांडं?”

तिने तो डावा हात असा झटकला, की बोर्डिंगातल्या पोरी याच हाताला घाबरत असतील हे मला कळलं. “आं… आंध…”

“आंधण?”

मान हलली.

“आंधण आधी उकळू द्यायचं असतं होय? मग पीठ?”

मान जोरात हलली, आणि तिने डोळे असे फिरवले की, कोणाच्या पोटी आलीय ही.

“मग आता काय करू? गुठळ्या झाल्यात. हे बघ तरी.” मी चमचाभर घेतलं, फुंकर मारली आणि काही विचार न करता तिच्या ओठाशी नेलं. बाई शेवटी स्वयंपाकीण. समोर चमचा आला की चाखणं हे तिच्या हाडात. तोंड उघडलं. तिने जिभेवर ते घोळवलं, आणि पुढच्या क्षणाला तिचा अर्धा चेहरा असा आक्रसला की दुसरा अर्धाही थोडासा हलला असावा.

“मीठ!” आत्या म्हणाली. स्पष्ट. कित्येक महिन्यांतला पहिला पुरा शब्द. “कितलं मीठ! पानी! पानी दे!”

मी माठाकडे धावले. पेला भरून आणला, तिचं डोकं दंडावर घेतलं, आणि ती प्यायली. पुरा पेला. आणखी मागितला. तोही. मी मध्ये हसत होते, मध्ये रडत होते, आणि ती पिता पिता मध्येच थांबून त्या पातेल्याकडे बोट करत होती, कारण ते करपायला लागलं होतं.

आणि मग व्हायचं तेच झालं. बांगडी वाजली, यावेळी हळू. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वर, पत्र्याकडे वळवली. तिचं तोंड पुन्हा मिटायला लागलं होतं. मी भांडं घेतलं. माझं डोकं मात्र पुरतं त्या चिकट लगद्यात अडकलेलं होतं. “आत्या, पण मला एक सांग,” मी तिला उचलता उचलता बोलत राहिले, “ते थापायचं कापडावर, मग ते वाळल्यावर कापडाला चिकटून बसत नाही? सुटतं कसं?” मी तिची साडी नीट केली, भांडं बाहेर नेलं, धुतलं, हात धुतले, परत आले आणि पुन्हा तेच विचारलं. “सांग ना, कसं सुटतं?” तिने माझं तोंड बराच वेळ न्याहाळलं. त्यावर पवित्र बाई आहे का, हे ती शोधत होती असं मला आता वाटतं. मग म्हणाली, “वलं. कापड… वलं.”

दुपारी आई रिक्षा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी ओल्या धोतरावर दुसऱ्या घाण्याचे बिबडे थापत होतो, म्हणजे मी थापत होते आणि आत्या खाटेवरून डाव्या हाताने तिरके कुठले ते दाखवत होती. आईने आधी आत्याची कातडी चिमटीत धरून पाहिली, मग खाटेखालचं भांडं पाहिलं, मग रिक्षावाल्याला म्हणाली, “दादा, तुम्हाला उगाच आणलं.” आणि पायरीवर बसून तिने डोळ्यांना पदर लावला. पहिल्या घाण्याचा तो मिठाचा लगदा गाईनेसुद्धा खाल्ला नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर तो खोटेपणा होईल. बाबांची बदली झाली नाही. आईच्या ड्युट्या तशाच राहिल्या. बीजगणितात मी आपटले. कंटाळा यायचा, वास यायचा, आणि आता मी नाकही मुरडायचे, अगदी तिच्यासमोर, आणि ती त्यावर हसायची. फक्त मी तिला सहन करणं विसरून गेले. कारण मला तिला विचारायचं इतकं होतं! शंभर पोरींच्या भाकरीला पीठ किती लागतं? बोर्डिंगात भूत होतं का? पिठाच्या कोठीत साप निघाला तेव्हा पळालं कोण? लग्नाला कोणी विचारलं होतं की नाही? या शेवटच्यावर तिने मला उलथनं फेकून मारलं, डाव्या हाताने, आणि नेम चुकला नाही. उत्तर देता देता तिचे शब्द परत येत गेले, तुटके, अहिराणी मिसळलेले, पण तिचे. चुकून दोन दिवस कोणाचे वाढदिवस आले, पाहुणे आले आणि मी तिच्याशी बोलले नाही, तर तीच नळी वाजवायची आणि म्हणायची, “इचार ना काय ते.”

आता माझे गुडघे गेलेत. रूथ सकाळी ऑफिसला जाताना माझ्या उशाशी पाण्याची बाटली ठेवते आणि म्हणते, “आजी, संपवायची हां.” परवा तिला म्हटलं, “तू माझं फार मनापासून करतेस गं.” ती चार्जर शोधत म्हणाली, “काय करते?” तिला खरंच कळलं नव्हतं. पाळकबाईंना मी जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला चार्जर हातात घेऊन घराबाहेर पळताना दिसलं. पण महिला संघात असं सांगितलं तर त्या म्हणतील, आजी, मुद्द्यावर या.

तर मुद्दा. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, होऊन गेल्यावर घरसभा पुन्हा आमच्याकडे आली. यावेळी मी पडदा काढून टाकला आणि आईने व मी मिळून आत्याला खुर्चीत बसवून पुढे आणलं, सतरंजीच्या कडेला. गायन झालं. पाळकबाई माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “विमल, उपवासकाळात फार सुंदर साक्ष दिली होतीस. आज काही सांगणार?” सगळे बघत होते. आत्याही बघत होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मागच्या वेळी मी खोटं बोलले. मला सगळ्याचा राग यायचा. आणि मी जे सांगितलं ते सांगायची मला तिने परवानगी दिली नव्हती. आज फक्त बिबडे आहेत. मीठ बरोबर आहे. आत्याने चाखलेत.” कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेब खोकले. मग सतरंजीच्या कडेवरून एकटीचा, जड जिभेचा, पण पुऱ्या खोलीला ऐकू जाईल असा आवाज आला, “आमेन,” आणि लोक हसले आणि बिबड्यांवर तुटून पडले.

सगळे गेल्यावर मी सतरंजी गुंडाळत होते. आत्या खुर्चीतच होती. तिच्या मांडीवर बिबड्याचा चुरा पडला होता, तो ती डाव्या हाताने वेचून खात होती. मी तिला विचारलं, “आत्या, खरं सांग, त्या पहिल्या दिवशी पडद्याआडून तू सगळं ऐकलंस, तेव्हा तुला काय वाटलं गं माझ्याबद्दल? आणि आता काय वाटतं?” तिने शेवटचा कण तोंडात टाकला, तो चावून संपवला, आणि मग एकेक शब्द जुळवत म्हणाली:

“तू माले सहन करत होतीस ना, तवा मी वझं होते. आता तू नुसती चोंबडी शेस. हे बरं शे. दे, पानी दे.”